आईच्या फायलींचे पत्ते

ज्या छापखान्यात माझी आई गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षापासून काम करत होती, त्याच्या मालकांनी एका आषाढात तिला बोलावून थोडक्यात सांगितले: तिचा मॅक संगणक आता थकला आहे, त्याच्या जागी विंडोजची यंत्रे आली आहेत, आणि जुनी सगळी कामे गणपतीपूर्वी त्या यंत्रांवर उघडली तर ठीक. नाही उघडली तर अक्षरजुळणीची खोली बंद करून ते काम दादरच्या एका कार्यालयाकडे द्यायचे. त्या कार्यालयात आईला जागा असणार नव्हती. हे त्यांनी सांगितले नाही आणि सांगण्याची गरजही नव्हती.

आईने ही बातमी घरी लालबागला येऊन मेथी निवडता निवडता दिली. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. ते विणकर होते. संपात त्यांची गिरणी बंद झाली ती पुन्हा उघडली नाही, आणि आता ते परळच्या एका इमारतीत पहारेकरी होते. त्यांनी फक्त विचारले, "लेखी दिलं का तोंडी?" आई म्हणाली, तोंडी. मग त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

मी पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन नुकतीच दादरला एका संगणक कंपनीत नोकरीला लागले होते आणि पुढच्या शिक्षणासाठी मुंबईबाहेर जाण्याचे माझे सगळे बेत ठरलेले होते. मी आईला सुचवले की तिने हा त्रास घेऊच नये. आता माझा पगार घरात येतो, तिने आराम करावा. तिने मेथीची काडी मोडून माझ्याकडे पाहिले.

"माझो हात मोडलो नाय अजून," ती म्हणाली. रागावली की ती मालवणीवर येते. मग शुद्ध भाषेत पुढे म्हणाली, "तुझ्या पगारावर तू शिक. मला काम आहे. ते राहील कसं, तेवढं बघ."

प्रश्न इतक्या नेमक्या शब्दांत मांडला गेल्यावर माझ्यापुढे तो सोडवण्याखेरीज पर्याय नव्हता.

आईच्या कामाविषयी थोडे सांगायला हवे. संपापूर्वी ती घराबाहेर नोकरीला गेली नव्हती. बाबांची गिरणी थांबल्यावर एका शेजारणीच्या ओळखीने ती गिरगावातल्या या छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. मी तेव्हा बालवाडीत होते. तिच्या बोटांना येणारा शिशाचा आणि शाईचा वास मला लहानपणी आईचाच वास वाटे. पुढे खिळे गेले, मॅक आला, आणि मालकांनी तो कोणाच्या हाती द्यावा याचा फार विचार न करता आईला त्याच्यासमोर बसवले. तिने महिन्याभरात लग्नपत्रिका काढून दाखवली. त्याहून मोठी गोष्ट तिने केली ती अशी की लालबाग-परळची माणसे गिरगावात आणली. आमच्या बाजूची लग्ने, बारशी, मंडळांच्या स्मरणिका, भजनी मंडळींची आरत्यांची पुस्तके, सारे तिच्या ओळखीने तिकडे छापायला जाऊ लागले.

पहिल्या रविवारी मी तिच्याबरोबर छापखान्यात गेले. वाडीतल्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत तीन यंत्रे होती. एक आईचा मॅक. दुसरे नवे विंडोज यंत्र, ज्यावर यापुढे पाने लागणार होती. आणि कोपऱ्यात एक लिनक्सचा सर्व्हर, जो मालकांच्या जावयाने स्वस्तात बसवून दिला होता. सगळ्या फायली त्याच्यावर साठवायच्या होत्या. जावयांनी आईच्या सगळ्या डिस्का सर्व्हरवर उतरवूनही ठेवल्या होत्या, प्रत्येक डिस्क एका क्रमांकाच्या फोल्डरात. एवढे करून ते पुण्याला निघून गेले होते.

आईने विंडोज यंत्रावर एक जुनी लग्नपत्रिका उघडली. अक्षरे आली. गणपतीच्या जागी करडा चौकोन आला.

"खंय गेलो गणपती?" आईने विचारले, जणू मीच तो उचलला होता.

गणपती कुठेच गेला नव्हता. पानाच्या फायलीत चित्र नसते, चित्राचा पत्ता असतो. पान उघडले की यंत्र त्या पत्त्यावर जाऊन चित्र घेऊन येते. अडचण अशी की तिन्ही यंत्रांची पत्ता लिहिण्याची रीत वेगळी. मॅकवर पत्त्याचे टप्पे अपूर्णविरामाने वेगळे करत, विंडोजवर उलट्या तिरक्या रेघेने करतात, लिनक्सवर सुलट्या तिरक्या रेघेने. विंडोजवर पत्ता सी या अक्षरापासून सुरू होतो, लिनक्सवर नुसत्या एका रेघेपासून, मॅकवर डिस्कच्या नावापासून. एका यंत्राचा पत्ता दुसऱ्यापुढे ठेवला तर ते मख्खपणे सांगते की असे ठिकाण नाही.

घाईतला माणूस येथे एक सोपा मार्ग काढतो: अपूर्णविराम शोधा, त्या जागी रेघ घाला. माझ्या कंपनीत याच सवयीने लिहिलेला कोड मी आठवडाभर निस्तरला होता, त्यामुळे मी त्या वाटेला गेले नाही. पत्ता ही अक्षरांची माळ नव्हे, ती टप्प्यांची रांग आहे, असे मानून मी सुरुवात केली. पत्ता वाचायचा, त्याचे टप्पे सुटे करायचे, ते सुटेच बाळगायचे. आणि जेव्हा खरोखर फाइल उघडायची वेळ येईल तेव्हा प्रोग्रॅम ज्या यंत्रावर चालू आहे त्याला विचारायचे की तुझी जोडायची खूण कोणती. म्हणजे एकच प्रोग्रॅम सर्व्हरवर आणि नव्या यंत्रावर काहीही न बदलता चालेल. आईच्या खोलीत चित्रे असलेली पाने साध्या मजकुराच्या रूपात काढता येत. त्यात प्रत्येक चित्राचा पत्ता, आकार आणि तारीख लिहून येई. माझा कच्चा माल तोच.

दोन तासांत प्रोग्रॅम चालू झाला आणि लगेच अडखळला. कारण आईची नावे ठेवण्याची पद्धत.

गिरणगावात एकाच गावची, एकाच आडनावाची माणसे चाळीचाळींत भरलेली. त्यामुळे आडनावाने फाइल ओळखणे आईला अशक्य होते. ती काम ओळखायची चाळीच्या आणि खोलीच्या क्रमांकाने, आणि तो क्रमांक आमच्याकडे जसा दारावर लिहितात तसा लिहायची: बारा, तिरकी रेघ, पंचेचाळीस. मॅकला त्याचे काही वाटत नव्हते. विंडोज तसे नाव घेतच नाही, आणि लिनक्सला ती रेघ म्हणजे पुढचा टप्पा वाटतो.

मी तिला समजावून सांगितले की फाइलच्या नावात ही रेघ चालत नाही.

"इतकी वर्षं चालली."

"मॅकवर चालली. लिनक्सला वाटतं की बारा नावाचं एक फोल्डर आहे आणि त्याच्या आत पंचेचाळीस नावाची फाइल."

"मग बरोबरच आहे की त्याचं. बारा नंबरच्या चाळीच्या आत पंचेचाळीस नंबरची खोली. त्याला कळतं, तुलाच कळत नाही."

यावर माझ्याकडे तांत्रिक उत्तर होते, पण तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मी ते दिले नाही. टप्पे सुटे बाळगल्याचा फायदा असा की नावातली रेघ आणि जोडणारी खूण यांची गल्लत माझ्या प्रोग्रॅमने केली नव्हती; नवी नावे तयार करताना त्या रेघेच्या जागी आडवी रेघ घातली की काम भागले. मग मोठ्या आणि छोट्या लिपीचा प्रश्न आला. आई इंग्रजीत गणपती लिहिताना कधी पहिले अक्षर मोठे काढी, कधी छोटे, तिच्या त्या दिवशीच्या भक्तीनुसार. मॅक आणि विंडोज दोन्हींना एकच समजतात. लिनक्सवर ते दोन वेगळे गणपती. तेही प्रोग्रॅमला शिकवले. हे सारे करताना आई शेजारी बसून मूगडाळीची खिचडी खात होती आणि मधूनमधून विचारत होती की मला याचे कंपनीत पैसे देतात का.

श्रावण लागेपर्यंत मी शनिवारी दुपारी आणि रविवारी तिकडे जात राहिले. करडे चौकोन एकेक करून भरत गेले. आई दर चित्राला मान डोलावी. मग पुन्हा जवळ जाऊन बघे, बाजारात मासळी बघतात तशी. मला तिच्या संशयाचे हसू येई. चित्र पत्त्यावर सापडले आहे, म्हणजे ते बरोबरच असणार, असे माझे अनुमान होते.

स्मरणिकांचे दिवस आले. भोईवाड्यातल्या एका मंडळाची स्मरणिका दरवर्षी आईकडेच असे. एका रविवारी मीच गेल्या वर्षीचे पान नव्या यंत्रावर उघडून, तारखा बदलून, मुखपृष्ठाचे प्रूफ मंडळाकडे पाठवले. आई त्या दिवशी तापाने घरी होती. ते पान तिने पाहिलेच नव्हते. शनिवारी मंडळाचे चिटणीस स्वतः प्रूफ घेऊन छापखान्यात आले. आई कामावर परतली होती, मीही होते, आणि दुर्दैवाने मालकही खोलीतच होते.

चिटणिसांनी प्रूफ टेबलावर पसरले. "ताई, हा आमचा नाही."

आईने पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. मुखपृष्ठावर गणपती होता, तो लालबागच्या एका गल्लीतल्या मंडळाचा होता.

"आमचा बसलेला असतो. हा उभा आहे," चिटणीस शांतपणे म्हणाले. "लोक विचारतील, भोईवाड्याने देव बदलला तेव्हा वर्गणीदारांना विचारलं होतं का म्हणून. मी काय सांगू? कॉम्प्युटरने बसल्या जागेवरून उठवला?"

आईने त्यांची क्षमा मागितली, मॅक सुरू केला, योग्य डिस्क घातली आणि त्यांचा गणपती पडद्यावर आणून दाखवला. त्यांना चहा दिला. ते गेले. मग मालक माझ्याकडे वळले. ते मला परकरी वयापासून ओळखत होते आणि माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाहीत.

"पोरी, करडा चौकोन परवडला. तो निदान दिसतो तरी," ते म्हणाले. "चुकीचा फोटो छापून गेला तर मी तोंड कुठे दाखवू? पुढच्या शनिवारी मी स्वतः तपासायला बसतो. नाहीतर दादरवाल्यांना हो म्हणतो."

त्यांचे म्हणणे पूर्णपणे तर्कशुद्ध होते, आणि म्हणूनच ते झोंबले.

मी प्रोग्रॅम पुन्हा ओळीने तपासला. पानात जो पत्ता होता तोच त्याने शोधला होता: श्री ही डिस्क, तीत मंडळे, त्यात गणपती, त्यात मुख्य चित्र. जावयांच्या क्रमांकांच्या फोल्डरांत जिथे ही रांग पहिल्यांदा जुळली तिथे तो थांबला होता. एकाच पत्त्यावर दोन गणपती कसे? मी आईला विचारले की भोईवाड्याचे काम कोणत्या डिस्कवर आहे.

"श्री."

"आणि लालबागचं?"

"श्री."

मी उठून लोखंडी कपाट उघडले. आत जाड, चौकोनी, काढघाल करता येणाऱ्या डिस्का नीट पुठ्ठ्याच्या खोक्यात रचलेल्या होत्या. एकेक मॅकमध्ये घालून पाहिली. पडद्यावर प्रत्येकीखाली तेच नाव उमटत होते. मॅकच्या आतल्या डिस्कचेही तेच.

"आई, सगळ्यांना एकच नाव का दिलंस?"

"मी नाव कुठे दिलं? नवी डिस्क घातली की ते एक चौकोन दाखवतं. कोऱ्या जागेवर पहिलं काय लिहितात? मी श्री लिहिलं. मग खाली नाव लिहायला गेले, तर दुसरी ओळच नाही त्यात." ती खरोखर तक्रारीच्या सुरात बोलत होती. "अमेरिकेतल्या लोकांना एवढं सुचू नये?"

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, आणि आधी गोंधळलेली आईही मग हसू लागली. आमच्याकडे वही असो, पत्रिका असो की पिठाच्या गिरणीची चिठ्ठी, वर श्री घातल्याशिवाय कोणी मजकुराला हात लावत नाही. खिळ्यांच्या काळात तर आईने पत्रिकेचा पहिला खिळा नेहमी तोच बसवलेला. अमुक काम कोणत्या श्रीवर आहे हे तिला खोक्यातल्या जागेवरून माहीत असे. एका वेळी एकच डिस्क ती आत घाली, आणि चुकून भलती गेली तर चित्र पाहताच ओळखून बदलत असे. तिच्या व्यवस्थेत चूक होण्याची जागा नव्हती. सगळ्या डिस्का एकाच वेळी एका सर्व्हरवर उतरल्या तेव्हा ती जागा तयार झाली.

पत्ता एकच असेल तर घर दुसऱ्या खुणेने ओळखायला हवे. ती खूण माझ्या हातातच होती: पानात प्रत्येक चित्राचा आकार आणि तारीख लिहिलेली होती. मी प्रोग्रॅमला सांगितले की पहिल्या जुळणीवर थांबू नकोस. सगळ्या श्रींमध्ये जा, त्या पत्त्यावर जे जे मिळेल ते गोळा कर, आणि ज्याचा आकार आणि तारीख पानातल्या नोंदीशी जुळते तेवढेच घे. एकही जुळले नाही तर अंदाज करू नकोस, करडा चौकोन ठेव आणि सांग.

तारखांनी थोडा छळ मांडला. त्या मॅकच्या घड्याळाचा सेल मधल्या काळात संपला होता, आणि सेल संपला की ते यंत्र थेट १९०४ सालात जाऊन बसत असे. कित्येक गणपती त्यामुळे माझ्या पणजीच्या वयाचे निघाले. पण आकार, म्हणजे फाइल किती जागा व्यापते तो आकडा, अक्षराअक्षरापर्यंत मोजलेला असतो, आणि दोन वेगळी चित्रे नेमक्या एकाच आकाराची असणे जवळजवळ अशक्य. आमच्या सुदैवाने तसे एकही निघाले नाही. जी थोडी चित्रे कशाशीच जुळली नाहीत, ती आईने पानात लावल्यानंतर उजळ केलेली होती. ती मी तिच्यापुढे ठेवली आणि तिने डोळ्यांनी निवडली.

मग मी आणखी एक गोष्ट केली, जी मालकांनी मागितली नव्हती. चाळीत कोणी कोणाला पूर्ण पत्ता सांगत नाही. आमच्या दारातून निघ, नळापाशी वळ, तिसरं दार, असे सांगतात. शहराचे नाव, रस्त्याचे नाव यांची गरजच पडत नाही. चित्रांचे पत्तेही मी तसेच केले. प्रत्येक कामाच्या फोल्डरात त्याची चित्रे शेजारी आणून ठेवली आणि पानाला सांगितले की आहेस तिथून सुरू कर, शेजारच्या खोलीत बघ. आता ते फोल्डर उचलून कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही डिस्कवर नेले तरी आतले नाते बदलत नव्हते. डिस्कला काय म्हणतात याच्याशी त्याला काही देणेघेणे उरले नाही. आईला हे एका दमात कळले. ती म्हणाली की हे आधीच केले असते तर भोईवाड्यासमोर लाज गेली नसती. मीही तेच म्हणत होते, फक्त मनात.

ठरल्या शनिवारी मालक चष्मा पुसून आईच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मी मागे उभी राहिले. कोणते काम उघडायचे ते तेच सांगणार होते. पहिले अर्थात भोईवाडा. गणपती बसलेला आला. मग एका भजनी मंडळाचे आरत्यांचे पुस्तक, मग एका शाळेचा अहवाल, मग परळची एक लग्नपत्रिका. आई माउस फार हळू हलवत होती. मालक प्रत्येक पानावर बोट ठेवून चित्रे तपासत होते. मला प्रोग्रॅमची खात्री होती. तरीही प्रत्येक पान उघडताना आईच्या मानेवरची शीर ताठ होई आणि चित्र आले की सैल पडे, तेवढ्या वेळापुरती माझी खात्री नाहीशी होत होती.

शेवटी त्यांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका काढायला सांगितली. त्यांचे कुलदैवत पडद्यावर आले, खाली दोन्ही घरची नावे, निमंत्रकांमध्ये त्यांच्या आता हयात नसलेल्या पत्नीचे. ती पत्रिका आईनेच लावली होती. तपासायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ ते त्या पानाकडे पाहत राहिले. मग उठले, खुर्ची जागेवर ठेवली आणि दाराकडे गेले.

आई दरवर्षी गणपतीला गावी जाते. रजा ती आषाढातच मागून ठेवते, कारण कोकणातल्या सगळ्यांना एकाच वेळी निघायचे असते. त्या वर्षी तिने मागितली नव्हती. जिथे परत यायचे की नाही हे ठाऊक नाही, तिथे रजा कसली मागायची, असे तिने बाबांना सांगितल्याचे मी ऐकले होते.

मालक दारात थांबले. "बाई, गावाला कधी निघणार?"

"अजून ठरवलं नाही, साहेब."

"ठरवलं नाही म्हणजे काय? आता तिकिटं कुठली मिळायला? गौरी गेल्या की लगेच या. दिवाळीची कामं अंगावर येतील आणि या नव्या मशीनवर मला एक ओळ लावता येत नाही."

ते गेले. आईने पान बंद केले, यंत्रावर कापड घातले, डब्याची पिशवी उचलली. वाडीच्या तोंडाशी येऊन आम्ही बस पकडली. लालबागला उतरायचे तर ती उतरलीच नाही. पुढे परळच्या एसटी आगाराशी उतरून भराभर चालू लागली. तिथे कोकणच्या गाड्यांची रांग आवाराबाहेर फुटपाथपर्यंत आली होती. मी म्हटले की मी उभी राहते, तू घरी जा, ताप नुकताच उतरला आहे.

"तू जा," ती रांगेत शिरत म्हणाली. पुढच्या बाईला तिने खिडकी उघडली का ते विचारले, मग माझ्याकडे वळली. "भात लाव जा. आणि बाबांना सांग, मी तिकिटाच्या रांगेत आहे. यायला उशीर होईल."